पशुकथेचे तात्पर्य: एका शालेय परंपरेचा इतिहास

मराठी शाळेत शिकलेल्या वाचकाच्या मनात प्राण्यांची गोष्ट आणि तिच्याखाली वेगळ्या ओळीत छापलेले तात्पर्य यांची सांगड इतकी घट्ट बसलेली असते की, गोष्ट रचणाऱ्यानेच ते तात्पर्य लहान मुलांसाठी लिहिले असावे असे त्यास सहज वाटते. या कथांचा इतिहास तपासला असता मात्र वेगळेच चित्र दिसते. सिंह, कोल्हा, कावळा आणि कासव यांच्या ज्या गोष्टी आज बालवाङ्मय म्हणून ओळखल्या जातात, त्यांपैकी बऱ्याचशा गोष्टी राजपुत्र, प्रधान, भिक्षू आणि वक्ते यांच्या उपयोगासाठी सांगितल्या वा संकलित केल्या गेल्या. त्यांना बालकाच्या आचरणाशी जोडणारे ठरावीक तात्पर्य त्या मानाने अलीकडचे असून मराठीपुरते बोलायचे तर ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील छापील शाळापुस्तकांनी रूढ केले. कथा फारशी बदलली नाही, परंतु ती ज्याच्या हाती गेली त्याच्या गरजेनुसार तिचा बोध बदलत गेला.

या परंपरेतील सर्वांत प्रभावी ग्रंथ म्हणजे पंचतंत्र. त्याची मूळ संहिता आज उपलब्ध नाही, तथापि सहाव्या शतकाच्या मध्यास त्याचे पहलवी भाषेत, म्हणजे इस्लामपूर्व इराणच्या राजभाषेत, भाषांतर झाले असल्यामुळे तो त्यापूर्वीच प्रसिद्धीस आला होता हे निश्चित होते. ग्रंथाच्या प्रास्ताविक कथेनुसार दक्षिणेतील महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती याला बहुशक्ती, उग्रशक्ती आणि अनंतशक्ती असे तीन मंदबुद्धी पुत्र होते आणि त्यांना सहा महिन्यांत नीतिशास्त्रात निपुण करण्याची प्रतिज्ञा ऐंशी वर्षांच्या विष्णुशर्मा या ब्राह्मणाने केली. नीतिशास्त्र म्हणजे येथे सदाचाराचे शास्त्र नव्हे, तर मित्र कसा जोडावा, शत्रूंत फूट कशी पाडावी, संधी कधी करावा आणि युद्ध कधी टाळावे हे शिकवणारे व्यवहाराचे व राज्यकारभाराचे शास्त्र होय. मित्रभेद, मित्रसंप्राप्ती, काकोलूकीय, लब्धप्रणाश आणि अपरीक्षितकारक या पाच तंत्रांची, म्हणजे प्रकरणांची, नुसती नावे पाहिली तरी ग्रंथाचा रोख स्पष्ट होतो. पहिलेच तंत्र मैत्री कशी तोडावी याचे आहे, तर तिसऱ्यात कावळे आणि घुबडे यांच्या वैराच्या निमित्ताने शत्रूच्या गोटात हेर कसा शिरवावा याचा वस्तुपाठ दिलेला आहे.

पहिल्या तंत्रातील मुख्य कथा या दृष्टीने विशेष विचारात घेण्याजोगी आहे. वर्धमानक नावाच्या व्यापाऱ्याने वाटेत मागे सोडलेला संजीवक हा बैल अरण्यात धष्टपुष्ट होतो आणि पिंगलक या सिंहाचा जिवलग मित्र बनतो. सिंहाच्या दरबारातून बाजूला पडलेला दमनक हा कोल्हा आपले गेलेले स्थान परत मिळवण्यासाठी दोघांच्या मनात परस्परांविषयी संशय पेरतो. शेवटी सिंह बैलाला ठार मारतो आणि दमनक त्याचा मंत्री होतो. कपट करणाऱ्याला येथे शिक्षा होत नाही, उलट त्याचा हेतू तडीस जातो. सशाने सिंहाला विहिरीतील त्याचेच प्रतिबिंब दाखवून बुडवल्याची जी गोष्ट मराठी मुलांना शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ हे पटवण्यासाठी सांगितली जाते, तीही याच तंत्रातील असून तेथे ती सांगणारा स्वतः दमनकच आहे, आणि बलाढ्य बैलाचा काटा युक्तीने काढता येईल हे आपला सोबती करटक याला पटवणे एवढाच त्याचा उद्देश आहे. पंचतंत्रातील पात्रे एकमेकांचे मन वळवण्यासाठी गोष्टी सांगतात, त्यामुळे त्यांतील प्रत्येक बोध हा कोणातरी हितसंबंधी व्यक्तीचा युक्तिवाद असतो. तो ऐकणाऱ्या राजपुत्राने गोष्टीबरोबर तिच्या सांगणाऱ्यालाही पारखावे, ही या कथेत कथा गुंफण्याच्या रचनेतील खरी शिकवण होती.

एकाच कथेतून निरनिराळे बोध कसे निघतात याचे उत्तम उदाहरण म्हणजे दोन पक्ष्यांनी काठीला धरून आकाशातून नेलेल्या आणि तोंड उघडताच खाली पडलेल्या कासवाची गोष्ट. पाली भाषेतील जातककथांत, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांत, कच्छप जातक या नावाने ती येते. तेथे वाराणसीचा राजा अतिशय बडबड्या असून बोधिसत्त्व हा त्याचा अमात्य असतो, आणि राजवाड्याच्या अंगणात पडून फुटलेल्या कासवाचे निमित्त साधून तो राजाला वाणीच्या संयमाचा उपदेश करतो. पंचतंत्रात कंबुग्रीव नावाच्या याच कासवाची गोष्ट टिटवी आपल्या नवऱ्याला सांगते, आणि तिचा रोख बडबडीवर नसून हितचिंतक मित्रांचे न ऐकणाऱ्याच्या नाशावर असतो. हितोपदेश या नारायण पंडिताच्या ग्रंथात ती संधी, म्हणजे तह, या विषयाच्या प्रकरणात जाऊन बसते. भिक्षुसंघात संयमाचा, घरात सल्ला मानण्याचा आणि राजकारणात तहाच्या विचाराचा असे तिन्ही अर्थ एकाच घटनेने पेलले. शालेय पुस्तकाने त्यांपैकी पहिला उचलला, कारण गलका करणाऱ्या वर्गाला गप्प बसवण्यास तोच सर्वांत सोयीचा होता.

दुर्जनाच्या विजयाने संपणारी कथा परक्या समाजाला खटकल्याचा पुरावाही या ग्रंथाच्या भाषांतरांतच सापडतो. इराणचा सम्राट खुस्रो नौशेरवान (कारकीर्द इ.स. ५३१ ते ५७९) याच्या दरबारातील बुर्झोए या वैद्याने पंचतंत्राचे पहलवी भाषांतर केले. ते नष्ट झाले असले तरी त्यावरून आठव्या शतकाच्या मध्यास इब्न अल्-मुकफ्फा याने ‘कलीला व दिम्ना’ हे अरबी रूपांतर सिद्ध केले. करटक आणि दमनक या दोन कोल्ह्यांचीच नावे त्याच्या शीर्षकात बदललेल्या उच्चारांनी टिकून आहेत. या अरबी ग्रंथात बैलाच्या वधानंतर एक नवे प्रकरण येते, ज्यात दिम्नावर रीतसर खटला चालतो, साक्षी होतात आणि अखेर त्याला प्राणास मुकावे लागते. संस्कृत ग्रंथात नसलेला हा न्याय भाषांतरकाराने जोडला आणि राजनीतीची कथा नैतिक कथेकडे वळवण्याच्या दिशेने एक मोठे पाऊल पडले. याच अरबी ग्रंथावरून पुढे ग्रीक, हिब्रू, लॅटिन, स्पॅनिश आणि फारसी रूपांतरे निघाली, अकबराच्या आज्ञेवरून अबुल फज्लने १५८८ मध्ये त्याचा ‘इयार-इ-दानिश’ हा सुबोध फारसी अवतार तयार केला, आणि फ्रेंच कवी ला फाँतेन याने १६७८ च्या आपल्या दुसऱ्या कथासंग्रहात भारतीय ऋषी पिल्पे याचे ऋण मान्य केले.

ग्रीसमधील इसापकथांची हकीकतही याहून फारशी निराळी नाही. इ.स.पू. पाचव्या शतकातील इतिहासकार हिरोडोटस याने इसापाचा उल्लेख सामोस बेटावरील एक गुलाम व कथाकार म्हणून केला आहे, तर ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात पशुकथेची गणना सभेला एखादी गोष्ट पटवण्याच्या साधनांत केली आहे. त्याने दिलेल्या उदाहरणात इसाप लोकांपुढे एका पुढाऱ्याचा बचाव करताना अंगावर गोचिडी बसलेल्या कोल्ह्याची गोष्ट सांगतो, जो रक्त पिऊन तट्ट झालेल्या गोचिडी काढू देत नाही, कारण त्या गेल्या तर भुकेल्या नव्या गोचिडी येतील. इ.स.पू. ३०० च्या सुमारास फॅलेरम येथील डिमीट्रिअस याने केलेला कथासंग्रह वक्त्यांना हाताशी असावा अशाच स्वरूपाचा होता असे अभ्यासक मानतात, आणि कथेच्या आरंभी लिहिलेले छोटे वाक्य हे ती कोणत्या प्रसंगी वापरावी याची खूण म्हणून उपयोगी पडे. हीच खूण पुढे कथेच्या शेवटी गेली आणि पुस्तक वक्त्याकडून विद्यार्थ्याकडे आल्यावर तिचा उपदेश झाला.

पशुकथा हे बालकाचे खास वाचन आहे हा विचार युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीस विशेष जोमाने मांडला गेला. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिक्षणविषयक ग्रंथात, मूल वाचू लागले की त्याच्या हाती इसापकथा द्याव्यात आणि त्या सचित्र असाव्यात अशी शिफारस केली. उलट रूसोने १७६२ च्या ‘एमिल’ या ग्रंथात असा आक्षेप घेतला की, स्तुती करून कावळ्याच्या चोचीतील खाऊ पळवणाऱ्या कोल्ह्याची गोष्ट ऐकून मूल कावळ्यापासून सावधपणा शिकत नाही, ते कोल्ह्याच्या बाजूने उभे राहते. रूसोचा आक्षेप कथेच्या मूळ स्वभावावरच बोट ठेवणारा होता. तथापि शाळांनी लॉकचे ऐकले आणि रूसोने दाखवलेली अडचण तात्पर्याच्या ओळीने झाकून टाकली.

हीच युरोपीय शिक्षणदृष्टी मराठीत प्रथम आली ती तंजावरमार्गे. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या सरफोजी राजांनी आपल्या राज्यात देवनागरी छापखाना उभारला आणि सख्खन पंडिताकडून इसापकथांचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी भाषांतर करवून १८०६ मध्ये प्रसिद्ध केले. मराठीतील बालवाङ्मयाचा आरंभ सामान्यतः याच पुस्तकापासून मानला जातो. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांच्या छापखान्यातून १८१५ मध्ये वैजनाथशास्त्री यांचा मराठी ‘हितोपदेश’ बाहेर पडला, तर मुंबईत १८२२ मध्ये ‘पंचोपाख्यान’ या नावाने पंचतंत्राच्या कथा छापल्या गेल्या. त्याच वर्षी मुंबईत एतद्देशीयांच्या शाळा आणि शाळापुस्तके यांसाठी संस्था स्थापन झाली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस आणि सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे हे तिचे प्रमुख कार्यकर्ते होते, आणि छत्रे यांची ‘बाळमित्र’ व ‘इसपनीतिकथा’ ही दोन्ही पुस्तके १८२८ मध्ये प्रसिद्ध होऊन पुढील पिढ्यांच्या हाती गेली.

नव्या शाळांना याच कथा का हव्या होत्या, याचे उत्तर तत्कालीन परिस्थितीत आहे. पंतोजींच्या शाळेत मुळाक्षरे, मोडी लेखन, पाढे आणि हिशेब यांवर भर असे आणि सलग मराठी गद्य वाचण्याचे पाठ्यपुस्तक तेथे नव्हते. संस्कृत पाठशाळेत हितोपदेशाचा उपयोग होई, पण तो मुख्यतः भाषा पक्की करण्यासाठी. नव्या सरकारी व्यवस्थेला गद्याचे छोटे, सुटे आणि एका बैठकीत संपणारे पाठ हवे होते, त्यांतून सदाचार शिकवायचा होता, आणि शिक्षणात धर्मप्रचार मिसळू नये या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या धोरणामुळे तो सदाचार कोणत्याही एका धर्माच्या ग्रंथावर आधारता येत नव्हता. कोल्हा आणि करकोचा यांना धर्म नसल्यामुळे ही अडचण आपोआप दूर झाली. मात्र सुट्या पाठांच्या या सोयीपायी पंचतंत्रातील गोष्टी त्यांच्या चौकटीतून बाहेर काढल्या गेल्या. कोण कोणाला आणि कशासाठी सांगत आहे हा संदर्भ गळाला, आणि पात्राचा युक्तिवाद सर्वकालीन सत्य म्हणून छापला जाऊ लागला. गंमत अशी की, १८६८ मध्ये ब्यूलर आणि कीलहॉर्न यांनी मुंबई संस्कृत ग्रंथमालेचा आरंभ पंचतंत्राच्याच आवृत्तीने केला, त्यामुळे एकाच काळात हा ग्रंथ प्राथमिक शाळेत सुभाषितांचा आणि महाविद्यालयात व्याकरणाचा विषय होऊन राहिला, तर ज्या राजनीतीसाठी तो रचला गेला तिच्यासाठी तो कोणीच वाचत नव्हते.

छापील पुस्तकाबाहेर मात्र तात्पर्याविना सांगण्याची रीत चालूच होती. मुंबईच्या गव्हर्नरची कन्या मेरी फ्रिअर हिने ॲना लिबेराटा डिसूझा या आयेकडून ऐकलेल्या दख्खनी लोककथांचा इंग्रजी संग्रह १८६८ मध्येच प्रसिद्ध झाला, आणि त्यातील कोल्हा मगरीला, वाघाला आणि सिंहाला हातोहात फसवूनही कोणाच्या निषेधास पात्र ठरत नाही. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून गेल्यावर त्याला दाराशी ताटकळत ठेवणारी चिमणी किंवा भोपळ्यात बसून वाघाच्या तोंडून निसटणारी म्हातारी यांच्या गोष्टी मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या, परंतु चिमणी निष्ठुर की सावध आणि म्हातारी खोटारडी की चतुर, याचा निकाल आजीने दिला नाही. तो ऐकणाऱ्या मुलावर सोपवलेला असे. विसाव्या शतकात चिं. वि. जोशी यांनी जातकातील निवडक गोष्टी आणि दुर्गा भागवत यांनी समग्र जातकांचे भाषांतर मराठीत आणल्यावर, या कथांना बालबोधापलीकडचा अर्थ आहे याची जाणीव मराठी वाचकांत नव्याने रुजण्यास मदत झाली.

या सर्व इतिहासावरून पशुकथा मुलांना नीती शिकवत नाहीत असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्या शिकवतात, परंतु त्यांची शिकवण आज्ञेच्या स्वरूपाची नसून पारखण्याच्या स्वरूपाची आहे. विष्णुशर्म्याच्या शिष्यांना दमनकाची वचने खरी असूनही त्याचा हेतू खोटा आहे हे ओळखायचे होते, आणि खऱ्या वचनाचा खोटा वापर ओळखता येणे ही राजाइतकीच नागरिकालाही लागणारी क्षमता आहे. शाळापुस्तकाने कथा घराघरांत पोहोचवल्या, मराठी गद्याला पहिले बालवाचक मिळवून दिले आणि धर्मभेदापलीकडचे एक समान वाचन निर्माण केले, हे त्याचे श्रेय मोठेच आहे; मात्र तात्पर्य आधीच छापून ठेवल्यामुळे कथेतील सर्वांत मोलाचे काम, म्हणजे कोण बोलत आहे, कशासाठी बोलत आहे आणि त्याचे ऐकावे की नाही हे ठरवण्याचे काम, त्याने मुलाच्या हातून काढून घेतले.