क्यासनूर अरण्यातील ज्वर आणि डॉ. टेल्फर्ड वर्क यांचे संशोधन

रोगाच्या नावात त्याच्या इतिहासाचे एखादे प्रकरण दडलेले असते. 'विषाणू' या संज्ञेतील 'विष' आणि लॅटिन 'व्हायरस' हे सगोत्र शब्द होत. दोहोंचा मूळ अर्थ एकच. परंतु विशिष्ट रोगास कोणी व कशावरून नाव दिले, हा प्रश्न व्युत्पत्तीच्या सीमेपलीकडे जातो. अमेरिकन विषाणुशास्त्रज्ञ डॉ. टेल्फर्ड वर्क यांच्या कार्याचा प्रस्तुत लेखात याच दृष्टीने विचार करावयाचा आहे.

भारतात येण्यापूर्वी वर्क कैरो येथील अमेरिकन नौदलाच्या वैद्यकीय संशोधन केंद्रात होते. १९३७ साली युगांडात सापडलेल्या 'वेस्ट नाइल' विषाणूचा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नाईलच्या त्रिभुज प्रदेशात मागोवा घेतला. केवळ रुग्ण तपासून ते थांबले नाहीत. डास पकडले, कावळे व चिमण्या यांचे रक्त तपासले, आणि मनुष्याचा आजार हा पक्षी व डास यांच्यामध्ये चालणाऱ्या एका दीर्घ व्यवहाराचा आनुषंगिक भाग आहे, असे दाखवून दिले. वर्क यांच्या पुढील सर्व संशोधनाचे बीज येथे आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ मध्ये पुणे येथे विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले. १९७८ पासून ही संस्था राष्ट्रीय विषाणू संस्था या नावाने ओळखली जाते. वर्क या केंद्राचे संचालक असताना, १९५७ च्या प्रारंभी, तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात सोरब तालुक्यातील अरण्यात वानरे व माकडे मरून पडत असल्याचे वृत्त आले. आसपासच्या खेड्यांतील माणसेही तीव्र ज्वराने आजारी पडत होती. या वार्तेने निर्माण झालेली चिंता सामान्य नव्हती. दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांत माकडांचे मरण ही पीतज्वराची पूर्वसूचना मानली जाते. पीतज्वर आशियात कधीच शिरला नव्हता, पण तो पसरविणारा डास मात्र भारतात विपुल होता.

वर्क आणि हॅरोल्ड ट्रॅपिडो यांनी घटनास्थळी जाऊन शोध घेतला. मृत माकडाच्या अवयवांतून विषाणू वेगळा करण्यात आला. तो पीतज्वराचा नव्हता. त्याचे नाते रशियातील वासंतिक मस्तिष्कज्वराच्या विषाणूशी जुळले. हा विषाणू डासांनी नव्हे, तर हीमाफिसॅलिस स्पिनिजेरा या गोचिडीने प्रामुख्याने पसरतो, हेही पुढे स्पष्ट झाले. रशियाशी जुळलेल्या या नात्यामुळे स्थलांतरित पक्ष्यांनी तो सैबेरियातून आणला असावा, असा तर्क पुढे आला. १९५९ मध्ये सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सुरू केलेल्या पक्षी-वलयांकनास या तर्काने चालना दिली. तर्क सिद्ध झाला नाही. पण पक्ष्यांच्या प्रवासाचे ज्ञान मात्र वाढले.

विज्ञानाने या रोगास अरण्याचे नाव दिले, 'क्यासनूर अरण्यरोग'. कानडी ग्रामस्थ त्यास 'मंगन कायिले', म्हणजे माकडाचा आजार, म्हणतात. मराठीत 'माकडताप' हा शब्द रूढ आहे. या लोकनामात अचूक निरीक्षण आहे. माकडांचे मरण आणि माणसांचा ज्वर यांचा संबंध त्यात नोंदला गेला आहे. तथापि नाव दोषारोपही करते. माकड येथे अपराधी नसून माणसासारखेच बळी आहे. ज्यांनी हा रोग मनुष्याच्या जवळ आणला, ती गोचीड, जंगलात चरणारी गुरे आणि जंगलतोड, यांचा उल्लेख कोणत्याच नावात नाही. जंगलतोड आणि गुरांचा वावर यांमुळे गोचिडींची संख्या वाढते, हे होर्हे बोशेल यांनी १९६९ मध्ये मांडले होते.

हा प्रश्न आज महाराष्ट्रापुरता परका राहिलेला नाही. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात हा ज्वर प्रकटला. काजूच्या बागेत पाचोळा गोळा करणाऱ्या मजुरास 'माकडताप' हे नाव वर, झाडाकडे पाहावयास सांगते. धोका मात्र पायाखालच्या पाचोळ्यात असतो.

वर्क नंतर अमेरिकेत परतले आणि लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापन करू लागले. मनुष्य, प्राणी आणि कीटक यांचा रोग एकत्रच अभ्यासावा लागतो, ही त्यांची दृष्टी आता सर्वमान्य झाली आहे. आपली परिभाषा त्या दृष्टीस अद्याप पोहोचावयाची आहे.