आगीला पाण्याची साथ

पाणी आग विझवतं, हे आपण लहानपणापासून जाणतो. पाण्यानं आगीचं बळ वाढवल्याची ही गोष्ट आहे.

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन ‘थंडरबोल्ट’ विमानाचं इंजिन २००० अश्वशक्तीचं होतं. जोर वाढवायला हवा जास्त दाबून भरली, की ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडके. धक्क्यानं पिस्टन निकामी होई. १९४३-४४मध्ये त्यात पाणी आणि अल्कोहोल फवारलं जाऊ लागलं. वाफ होताना पाणी उष्णता शोषून घेई, भडका टळे आणि शक्ती २३००पर्यंत चढे. पण काही मिनिटंच! शत्रू पाठीशी असताना वैमानिकाचा जीव त्या मिनिटांवर असे. जर्मनांच्या ‘एमडब्ल्यू ५०’ मिश्रणातही जवळपास निम्मं पाणीच होतं.

हे मी शेरात म्हटलं असतं, तर तुम्ही अतिशयोक्ती म्हणाला असतात.