देहाच्या तटातील दरजा

एखादा जुना किल्ला पाहावयास गेलेला मनुष्य प्रथम तटाचे चिरे पाहतो. त्यांची लांबीरुंदी, त्यांचे वजन, ते डोंगरमाथ्यावर कसे चढविले असतील, या गोष्टींचे त्याला नवल वाटते. जाणता गवंडी मात्र चिऱ्यांपेक्षा दोन चिऱ्यांमधल्या दरजा न्याहाळतो. पाणी झिरपते ते दरजेतून. पिंपळाचे मूळ शिरते तेही दरजेतूनच. आणि दरज गेली की चिरा कितीही अभंग असला तरी तट फार दिवस टिकत नाही. मानवी शरीराच्या अभ्यासाचा इतिहास काहीसा याच क्रमाने घडला. त्वचा, आतडे, मूत्रपिंडाच्या नलिका, मेंदूतील केशवाहिन्या यांना पेशींचे सलग अस्तर असते व तेच शरीराचे आत आणि बाहेर ठरविते. या अस्तरातील पेशींची ओळख शास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकातच झाली होती. पेशींच्या मधल्या दरजा कशाने बुजलेल्या आहेत, हे कळावयास मात्र विसाव्या शतकाची अखेर उजाडली.

या कथेचा आरंभ एका रंगाच्या थेंबाने होतो. जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांना रंजकद्रव्यांचा मोठा छंद होता. कोणता रंग कोणत्या ऊतीला धरतो, हे पाहता पाहता त्यांनी पुढे रोगांवरील औषधांचा मार्ग शोधून काढला. १८८५ साली त्यांनी आपले काही प्रयोग प्रसिद्ध केले. जिवंत प्राण्याच्या रक्तात विशिष्ट रंग टोचला असता त्याचे यकृत, मूत्रपिंड, स्नायू असे बहुतेक सर्व अवयव रंगत. मेंदू मात्र पांढराच राही. एर्लिख यांनी याचा सरळ अर्थ लावला, तो असा, की मेंदूच्या ऊतीला त्या रंगाची ओढच नसावी. वस्त्राने रंग न धरावा, त्यातलाच हा प्रकार.

हा अर्थ चुकीचा होता, आणि तो चुकीचा असल्याचे त्यांच्याच शिष्याने दाखविले. एडविन गोल्डमान यांनी १९१३ साली ट्रिपॅन ब्लू नावाचा निळा रंग रक्तात न घालता मेंदूभोवती खेळणाऱ्या मस्तिष्कमेरुद्रवात टोचला. आता सगळे उलटे घडले. मेंदू आणि पाठीचा कणा यांतील मज्जा गर्द निळी झाली, परंतु उरलेले शरीर कोरे राहिले. म्हणजे मेंदू रंग धरीत होता. रक्तातून तो तेथवर पोहोचत नव्हता, एवढेच. दोन्ही बाजूंनी रंग अडत होता, तेव्हा मध्ये कोठे तरी एक आडभिंत असली पाहिजे, हे उघड झाले.

या आडभिंतीचा पद्धतशीर अभ्यास करण्याचे श्रेय लिना श्टेर्न या विदुषीकडे जाते. जिनिव्हा विद्यापीठात प्राध्यापकपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. १९२१ साली आपले सहकारी रेमाँ गोतिए यांच्यासह त्यांनी रक्त आणि मेंदू यांमधील या अडसराला नाव दिले. त्यांच्या मते हा अडसर आंधळा नव्हता. काही द्रव्यांना तो वाट देई, काहींना नाकारी. १९२५ साली त्या मॉस्कोला गेल्या आणि १९३९ मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या पहिल्या स्त्री-सदस्य झाल्या. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन हे औषध नव्याने हाती आले, तेव्हा मेंदूच्या आवरणाचा क्षय झालेल्या बालकांना रक्तातून दिलेल्या औषधाचा पुरेसा उपयोग होईना. भिंत औषधालाही अडवीत होती. श्टेर्न यांनी ते औषध थेट मस्तिष्कमेरुद्रवात देण्याचा मार्ग अवलंबिला, आणि ज्यांची आशा सुटली होती अशी काही मुले त्यामुळे हाती लागली. पुढे त्यांच्यावरच कठीण प्रसंग ओढवला. १९४९ साली ज्यूविरोधी फॅसिस्टविरोधाच्या नव्हे, तर ज्यूंच्या फॅसिस्टविरोधी समितीच्या सदस्य म्हणून त्यांना अटक झाली. ऑगस्ट १९५२ मध्ये त्या खटल्यातील तेरा जणांना देहान्त शिक्षा देण्यात आली. श्टेर्न तेवढ्या हद्दपारीवर सुटल्या. स्टालिनच्या मृत्यूनंतर १९५३ साली त्या मॉस्कोला परतल्या आणि १९६८ मध्ये निधन पावेतो संशोधन करीत राहिल्या.

भिंत आहे हे सिद्ध झाले होते. पण ती नेमकी कोठे आहे, हा प्रश्न तसाच होता. मेंदूतील केशवाहिन्यांभोवती तारकापेशींचे पाय चिकटून बसलेले असतात. भिंत तीच असावी, असे कित्येकांना वाटे. केशवाहिनीच्या अस्तराकडे फारसे कोणी पाहत नव्हते, कारण साध्या सूक्ष्मदर्शकातून त्या अस्तरात वेगळे काही दिसतच नव्हते. इतर अवयवांतील अस्तरपेशींच्या कडांशी गडद रेघा दिसत, त्यांना जुने शास्त्रज्ञ पेशींमधील एक प्रकारचे सिमेंट समजून पुढे जात.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हे चित्र पालटले. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत मॅरिलिन फार्कर आणि जॉर्ज पलाडी यांनी उंदीर व गिनीपिग यांच्या अनेक अवयवांतील अस्तरे तपासून १९६३ साली आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. शेजारशेजारच्या दोन पेशींमध्ये सामान्यतः सुमारे २०० अँगस्ट्रॉमची, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाइतकी फट असते. या फटीच्या तोंडाशी त्यांना एकाखाली एक असे तीन प्रकारचे सांधे आढळले. सर्वांत वर, पोकळीच्या बाजूस, दोन्ही पेशींची पटले एकमेकांत मिळून गेलेली होती व तेथे फटच उरली नव्हती. हा घट्ट सांधा पेशीला कमरपट्ट्यासारखा सभोवार वेढीत होता. त्याखाली दुसरा पट्टा, आणि त्याखाली ठिकठिकाणी बटणांसारखी बसविलेली बंधने. खालचे दोन सांधे पेशींना एकत्र धरून ठेवीत. वरचा सांधा मात्र फट बुजवीत असे. प्रथिनाचे दाट द्रावणही त्यापलीकडे जाऊ शकत नव्हते. सिमेंटची जुनी कल्पना येथे संपली. दरज भरण्यासाठी बाहेरून चुना आणलेला नव्हता. चिऱ्यांनीच आपल्या कडा एकमेकींत गुंतविल्या होत्या.

मेंदूभोवतीच्या भिंतीचे कोडे या निबंधानंतर चारच वर्षांनी सुटले. हार्वर्ड येथे टॉमस रीझ आणि मॉरिस कार्नोव्हस्की यांनी १९६७ साली रंगाऐवजी एका वनस्पतीच्या मुळातून काढलेले पेरॉक्सिडेज हे विकर उंदराच्या रक्तात टोचले. योग्य प्रक्रियेनंतर हे विकर जेथे असेल तेथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काळा डाग उमटतो. तो डाग केशवाहिनीच्या अस्तरातील दोन पेशींच्या फटीत शिरलेला दिसला आणि घट्ट सांध्यापाशी येऊन जागच्या जागी थांबला. १९६९ साली मिल्टन ब्राइटमन आणि रीझ यांनी तेच विकर मेंदूच्या पोकळीतून, म्हणजे उलट दिशेने सोडले. ते तारकापेशींच्या पायांमधून बिनदिक्कत निघून गेले आणि त्याच सांध्याच्या पलीकडल्या अंगास येऊन अडले. एर्लिख आणि गोल्डमान यांनी दोन बाजूंनी जो प्रयोग उघड्या डोळ्यांनी केला होता, तोच अर्ध्या शतकानंतर दोन बाजूंनी पुन्हा झाला. या वेळी मात्र भिंतीची जागा निश्चित झाली.

आता उरला तो प्रश्न द्रव्याचा. ऊती गोठवून फोडण्याच्या नव्या तंत्राने घट्ट सांध्यात बारीक धाग्यांचे जाळे दिसू लागले होते. १९७३ साली फिलिपा क्लॉड आणि डॅनिएल गुडइनफ यांनी दाखविले, की जेथे या धाग्यांचे पदर अधिक, तेथे अस्तर अधिक अभेद्य. परंतु हे धागे मेदद्रव्यांचे की प्रथिनांचे, यावर पुढे बराच वाद झाला. १९८६ साली या सांध्यातील पहिले प्रथिन ओळखले गेले खरे, पण ते पेशीच्या आतल्या बाजूस होते. फट बुजविणारा धागा ते नव्हते.

हे काम जपानात शोइचिरो त्सुकिता आणि त्यांचे सहकारी यांनी केले. कोंबडीच्या पिलांच्या यकृतातून सांध्यांचा अंश वेगळा काढून, १९९३ साली त्यांनी पेशीपटलात आरपार बसलेले एक प्रथिन शोधले आणि बंद करणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून त्याला ऑक्लुडिन हे नाव दिले. शोध पुरा झाला असे सर्वांस वाटले. तथापि खात्री करून घेण्यासाठी त्यांनी ऑक्लुडिनचे जनुक काढून टाकलेल्या पेशी तयार केल्या. १९९८ साली निकाल हाती आला, आणि तो त्यांच्याच सिद्धान्ताच्या विरुद्ध होता. ऑक्लुडिन नसतानाही धागे जसेच्या तसे विणले जात होते.

पाच वर्षांच्या श्रमांचे फळ असे निसटलेले पाहून एखादा संशोधक प्रयोगातच खोट काढीत बसला असता. या मंडळींनी निकाल जसा होता तसा प्रसिद्ध केला आणि यकृताच्या त्याच अंशाकडे ती पुन्हा वळली. त्याच वर्षी मिकिओ फुरुसे, त्सुकिता व सहकारी यांना त्यात दोन निराळी प्रथिने सापडली. ज्या पेशींना घट्ट सांधे मुळीच नसतात, त्यांत ही प्रथिने निर्माण करविली असता तेथे धाग्यांचे जाळे उभे राहिले. या प्रथिनांना क्लॉडिन हे नाव मिळाले. सस्तन प्राण्यांत त्यांचे दोन डझनांच्या आसपास प्रकार आहेत, आणि प्रत्येक अवयव आपल्या गरजेप्रमाणे त्यांतील निवडक प्रकार वापरतो.

या प्रकारांचे महत्त्व किती, हे पुढील पाच वर्षांत दिसून आले. १९९९ साली काही कुटुंबांतील एका आनुवंशिक विकाराचे मूळ मूत्रपिंडातील एका क्लॉडिनमध्ये सापडले. ते सदोष असल्याने मॅग्नेशियम परत शोषले न जाता मूत्रावाटे वाहून जाई. २००२ साली पहिल्या क्रमांकाचे क्लॉडिन नसलेले उंदीर जन्मास आले. त्यांच्या त्वचेतून पाणी उडून जाई व एका दिवसात ते मरत. २००३ साली पाचव्या क्रमांकाचे क्लॉडिन नसलेल्या उंदरांच्या मेंदूतील वाहिन्या वरकरणी निर्दोष दिसल्या, पण लहान रेणू त्यांतून मेंदूत शिरू लागले. मोठे रेणू अडलेलेच राहिले. ही पिलेही जन्मानंतर दहा तासांच्या आत दगावली. दरज म्हणजे नुसती बुजविलेली फट नव्हे, तर माणूस पारखून आत सोडणारी दिंडी आहे, हे लिना श्टेर्न यांचे अनुमान रेणूंच्या पातळीवर खरे ठरले.

भारताच्या अनुभवातही या अस्तराचा एक मोठा धडा नोंदला गेला आहे. पटकीत आतड्याचे अस्तरच सोलून निघते व म्हणून शरीरातील पाणी वाहून जाते, अशी समजूत दीर्घकाळ होती. कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखविले, की जंतू गाळून काढलेल्या द्रवातील विषानेच सशाच्या आतड्यात पाणी साचते. १९६० साली बँकॉकमधील रुग्णांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे तपासले असता अस्तर शाबूत असल्याचे आढळले. तट ढासळला नव्हता. विषाच्या हुकमाने पेशी क्षार बाहेर टाकीत होत्या आणि त्यामागोमाग पाणी जात होते. अस्तर शाबूत असल्यामुळेच मीठ आणि ग्लुकोज यांचे पाणी तोंडाने दिल्यास ते शोषले जाऊ शकते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत शिरेतून द्यावयाचे द्रव संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हाच उपाय योजला. तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत चार टक्क्यांखाली आले.

शोइचिरो त्सुकिता २००५ साली, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी निवर्तले. मेंदूच्या रोगांवरील औषध त्या दिंडीतून, ती न मोडता, आत कसे न्यावे, हा श्टेर्न यांच्यापुढचा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही. तट पाडणे सोपे असते. पण तट पाडून आत नेलेले औषध ज्याच्यासाठी न्यावयाचे, तोच त्यामुळे उघड्यावर पडतो. म्हणून संशोधक आज दरजांचीच भाषा शिकत आहेत. चिऱ्यांकडून दरजांकडे वळलेली ही दृष्टी येण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि त्या वाटेवरील निर्णायक पावले बहुधा अशा माणसांनी टाकली, ज्यांनी गुरूचा किंवा स्वतःचाही निष्कर्ष पुन्हा दुसऱ्या बाजूने तपासून पाहिला.