पातळ आमटीचा हिशेब

राजेरजवाड्यांच्या पंगतीत कोणती पक्वान्ने वाढली, याची वर्णने जुन्या कागदपत्रांत सापडतात. परंतु ओंजळभर कुळथाच्या पिठावर सहा माणसे कशी जेवली, हे सांगणारी बखर कोणी लिहिली नाही. ती गोष्ट आज आम्ही आपल्यापुढे मांडीत आहोत. कारण मुंबईच्या कामगाराच्या पगाराचा इतिहास तिच्यातच मुरलेला आहे.

हे पदार्थ आपल्या परिचयाचे आहेत. कोकणात तांदळाची पेज आणि कुळथाचे पिठले, घाटावर हुलग्याचे माडगे, शिवाय आंबील आणि मुगाचे कढण. धान्य थोडे आणि पाणी फार, हा सर्वांचा धर्म. पीठ आधी पाण्यात कालवून मग उकळीत सोडले की तेवढ्यातच दाटपणा येतो; वर लसणीची फोडणी आणि दोन आमसुले पडली की भाताला दुसरे कालवण लागत नाही. पुरणाची डाळ शिजल्यावर उरलेल्या पाण्याचीही कटाची आमटी होते. ही लाचारी नव्हे, ही विद्या आहे. रत्नागिरी-साताऱ्याहून मुंबईस आलेल्या माणसांनी ती वळकटीबरोबर आणली.

आता या विद्येचा दुसऱ्यांनी काय उपयोग केला, तेही पाहिले पाहिजे. १९३२-३३ साली मुंबई सरकारच्या कामगार खात्याने कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली. कुटुंब काय खाते, किती खाते, याची टिपणे झाली आणि त्यांवरून राहणीखर्चाचा निर्देशांक बांधला गेला. १९३३-३४ हे वर्ष १०० धरले. पण तो काळ कोणता होता? जागतिक मंदीचा! गिरण्यांत पगारकपात चालली होती आणि तिच्याविरुद्ध १९३४ साली मोठा संप झाला. अशा दिवसांत घरधनिणीने आमटीत पाणी वाढवले, डाळ मुठीने कमी घातली. मोजणाऱ्याने मोजली ती हीच आमटी. अडचणीच्या दिवसांतली काटकसर कागदावर कामगाराची नेहमीची गरज म्हणून उतरली.

पुढे महागाई भत्ता याच निर्देशांकाला जोडला गेला. तीस वर्षे उलटली, उपनगरे वाढली, १९५० आणि १९५७ साली मुंबई महापालिकेची हद्द मुलुंड-दहिसरपर्यंत पोहोचली, तरी भत्त्याचे माप मंदीतलेच राहिले. बाजारातला भाव एक आणि निर्देशांकातला भाव दुसरा, हा अनुभव घरोघर येऊ लागला. १९६३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंद झाली. सरकारने नेमलेल्या लकडावाला समितीने निर्देशांकातील उणिवा दाखवून दिल्या. बायका वाण्याच्या दुकानात जे सांगत होत्या, ते अखेर तज्ज्ञांच्या अहवालात आले.

१९७२ च्या दुष्काळात तर पातळ करायलाही धान्य मिळेना. रेशनवर परदेशी लाल मिलो आली, तेल आणि रॉकेल दिसेनासे झाले. त्या वेळी गोरेगावच्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी लाटणी घेऊन मोर्चे काढले. पिठले पातळ करणाऱ्या हातांनीच ती लाटणी उगारली होती, हे विसरू नये. काटकसर करणारी बाई मुकाट सोसणारी असते, हा समज त्यांनी खोटा पाडला.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. त्याचे पुढारी डॉ. दत्ता सामंत हे घाटकोपरचे, तिथल्या खाणकामगारांत काम करून पुढे आलेले. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार थांबले, कित्येक कुटुंबे गावी परतली. अशा लांबलेल्या संपात घर तगते ते पेजेवर आणि पिठल्यावर. तो संप यशस्वी झाला नाही. पण त्या चुलींचा इतिहास पराभवाचा म्हणून पुसून टाकणे आम्हांस मान्य नाही.

आज कुळथाचे पिठले हॉटेलांतून हौसेने मागवले जाते. त्याचा आम्हांस आनंदच आहे. ते चवीचे आहे आणि पौष्टिकही आहे. साधे खावे, जरूर खावे. परंतु अंधेरीच्या किंवा भांडूपच्या कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराचे वेतन ठरवताना कोणी म्हणू लागला की, "ही माणसे थोडक्यात भागवतात," तर त्याला १९३३ ची आठवण करून द्यावी. आमटी किती पातळ करायची हे घरातल्या बाईने ठरवावे; मालकाने ते गृहीत धरू नये.