वळिवडे पोलिश निर्वासित छावणी

वळिवडे पोलिश निर्वासित छावणी ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तत्कालीन कोल्हापूर संस्थानात वसविण्यात आलेली पोलंडमधील निर्वासितांची वसाहत होती. कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, मिरज–कोल्हापूर लोहमार्गालगत, करवीर तालुक्यातील वळिवडे गावाजवळ ती १९४३ ते १९४८ या काळात अस्तित्वात होती. सुमारे ५,००० पोलिश नागरिक येथे राहत होते व त्यांत स्त्रिया आणि मुले यांचे प्रमाण मोठे होते. युद्धकाळात भारतात स्थापन झालेल्या पोलिश वसाहतींपैकी ही सर्वांत मोठी होय. निर्वासितांची जबाबदारी अनेक देशांनी वाटून घेण्याच्या आधुनिक इतिहासातील एक प्रारंभीचे उदाहरण म्हणूनही या छावणीचा अभ्यास उपयुक्त ठरतो.

पार्श्वभूमी

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. सोव्हिएत ताब्यात गेलेल्या पूर्व पोलंडमधून १९४० व १९४१ मध्ये लाखो लोकांना सक्तीने सायबेरिया, कझाकस्तान व उत्तर रशियात हलविण्यात आले. जंगलतोड, खाणी आणि सामुदायिक शेते येथे त्यांना कामास जुंपले गेले. थंडी, उपासमार व रोगराई यांमुळे त्यांतील अनेकांचा मृत्यू झाला.

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि परिस्थिती पालटली. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार व सोव्हिएत संघ यांच्यात सिकॉर्स्की–मायस्की करार झाला. त्यानुसार बंदिवान व स्थानबद्ध पोलिश नागरिकांची सुटका करण्याचे आणि त्यांतून सैन्य उभारण्याचे ठरले. जनरल व्वादिस्वाव आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली हे सैन्य उभे राहिले आणि १९४२ मध्ये मार्च–एप्रिल व ऑगस्ट अशा दोन टप्प्यांत, मुख्यतः कॅस्पियन समुद्रमार्गे, इराणमधील पहलवी (आजचे अंजली) बंदरात पोहोचले. सैनिकांबरोबर त्यांचे कुटुंबीय व अनाथ मुलेही बाहेर पडली. अशा रीतीने सुमारे १,१५,००० लोक इराणमध्ये आले. त्यांपैकी सुमारे ३७,००० नागरिक होते.

जबाबदारीची वाटणी

इराण त्या वेळी ब्रिटिश व सोव्हिएत फौजांच्या ताब्यात होता आणि तेथे अन्नधान्याची टंचाई होती. सैनिक मध्यपूर्वेत ब्रिटिश नेतृत्वाखाली गेले. मात्र नागरिकांना कोठे ठेवावे हा प्रश्न उरला. पोलिश सरकारकडे स्वतःची भूमी नव्हती, तर ब्रिटनमध्ये युद्धाची झळ प्रत्यक्ष बसत होती. त्यामुळे ब्रिटिश साम्राज्यातील वसाहती व मित्रराष्ट्रे यांच्यात या लोकांची विभागणी करण्यात आली. त्यासाठी कोणतेही लेखी सूत्र नव्हते. जहाजांची उपलब्धता, मोकळी जागा, हवामान आणि यजमानांची तयारी यांवर प्रत्येक देशाचा वाटा ठरत गेला.

या वाटणीतील प्रमुख ठिकाणे पुढीलप्रमाणे होती :

- पूर्व व मध्य आफ्रिका : टांगानिका (आजचा टांझानिया), युगांडा, उत्तर व दक्षिण ऱ्होडेशिया इत्यादी ब्रिटिश वसाहती. टांगानिकातील तेंगेरू येथील वसाहतीत सुमारे ५,००० लोक होते. सर्वाधिक नागरिक आफ्रिकेतच गेले.
- भारत : जामनगरजवळील बालाचडी आणि कोल्हापूरजवळील वळिवडे. यांखेरीज कराची येथे तात्पुरता मुक्काम, तर पाचगणी येथे क्षयरोगाचा धोका असलेल्यांसाठी आरोग्यकेंद्र होते.
- मेक्सिको : लेओन शहराजवळील सांता रोसा येथे सुमारे १,४०० लोक.
- न्यूझीलंड : पाहियाटुआ येथे ७३३ मुले व त्यांची देखभाल करणारे सुमारे १०० प्रौढ. ते १ नोव्हेंबर १९४४ रोजी वेलिंग्टन बंदरात उतरले.
- दक्षिण आफ्रिका : औट्सहोर्न येथे सुमारे ५०० मुले.
- लेबनॉन व पॅलेस्टाइन : विद्यार्थी व सैनिकांचे नातेवाईक.

मेक्सिको व न्यूझीलंड येथे गेलेले निर्वासित मुंबई बंदरातूनच अमेरिकी जहाजांनी पुढे रवाना झाले. त्यामुळे मुंबई हे या संपूर्ण वाटणीतील एक महत्त्वाचे संक्रमणस्थान ठरले.

भारतातील आगमन

मुलांच्या पहिल्या तुकड्या १९४२ मध्ये खुश्कीच्या मार्गाने भारतात आल्या व काही काळ मुंबईत वांद्रे येथे राहिल्या. नवानगर (जामनगर) संस्थानचे अधिपती जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे त्यांच्यासाठी वसतिस्थान उभारले. त्यासाठी अन्य संस्थानिकांनी व देणगीदारांनीही साहाय्य केले. बालाचडीत राहिलेल्या मुलांची संख्या निरनिराळ्या नोंदींत सुमारे ६०० ते १,००० अशी आढळते. मुंबईतील पोलिश महावाणिज्यदूत एउगेनिउश बानाशिन्स्की आणि पोलिश रेडक्रॉसच्या प्रतिनिधी असलेल्या त्यांच्या पत्नी किरा बानाशिन्स्का यांनी भारतातील व्यवस्थेत पुढाकार घेतला. संपूर्ण कुटुंबांसाठी मोठ्या वसाहतीची गरज भासल्यावर समशीतोष्ण हवामान, पाण्याची सोय व रेल्वेची जवळीक असलेल्या वळिवड्याची निवड झाली. १९४३ च्या मध्यास तेथे वस्ती सुरू झाली.

छावणीतील जीवन

छावणीत लांबट बराकींच्या रांगा होत्या व प्रत्येक बराकीत अनेक कुटुंबांची स्वतंत्र निवासस्थाने होती. प्राथमिक व माध्यमिक शाळा, व्यवसायशिक्षण, रुग्णालय, कॅथलिक प्रार्थनामंदिर, अनाथगृह, रंगमंच आणि बालवीर पथके अशा संस्था तेथे होत्या. अध्यापनाचे माध्यम पोलिश होते. युद्ध संपताच मायदेशी परतायचे आहे, या अपेक्षेने अभ्यासक्रमात पोलिश भाषा, इतिहास व भूगोल यांना महत्त्वाचे स्थान दिलेले होते.

छावणीभोवती कोल्हापूरच्या परिसरातील व्यापारी, भाजीविक्रेते व कारागीर यांचा वावर असे. या व्यवहारातून काही पोलिश मुले कामापुरती स्थानिक भाषा शिकली. छावणीत मृत्यू पावलेल्यांची थडगी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत.

खर्च व प्रशासन

यजमानपद आणि आर्थिक भार या दोन बाबी वेगळ्या होत्या. कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत जागा मिळाली, तर दैनंदिन खर्च निर्वासित पोलिश सरकार ब्रिटनकडून मिळालेल्या कर्जाऊ रकमेतून भागवीत असे. भारत सरकारचे निर्वासितविषयक अधिकारी देखरेख करीत आणि अंतर्गत व्यवस्था पोलिश प्रशासनाकडे असे.

जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. त्यामुळे छावणीतील रहिवाशांची राजकीय स्थिती अनिश्चित झाली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्य व पुनर्वसन प्रशासनाने आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने त्यांची जबाबदारी स्वीकारली.

संख्येचे प्रमाण

केवळ एकूण आकड्यांवरून कोणाचा वाटा किती हे ठरविता येत नाही. त्यासाठी यजमान प्रदेशाच्या लोकसंख्येशी तुलना करावी लागते. तत्कालीन लोकसंख्येच्या स्थूल आकड्यांवरून दर दहा लाख रहिवाशांमागे निर्वासितांचे प्रमाण असे येते :

- मेक्सिको (लोकसंख्या सुमारे २ कोटी, निर्वासित सुमारे १,४००) : सुमारे ७०
- न्यूझीलंड (सुमारे १७ लाख, सुमारे ८३०) : सुमारे ४९०
- अखंड भारत (१९४१ च्या जनगणनेनुसार सुमारे ३९ कोटी, वळिवड्याचे सुमारे ५,०००) : सुमारे १३
- कोल्हापूर संस्थान (१९४१ मध्ये सुमारे ११ लाख, सुमारे ५,०००) : सुमारे ४,५००

तेच पाच हजार लोक भारताच्या लोकसंख्येत नगण्य दिसतात, परंतु कोल्हापूर संस्थानाच्या लोकसंख्येत दर हजारी चाराहून अधिक ठरतात. छेदस्थानी कोणती संख्या घेतली यावर निष्कर्ष अवलंबून असतो, हे यावरून स्पष्ट होते. मात्र कोल्हापूरच्या आकड्याचा अर्थ लावताना खर्चाचा भार संस्थानावर नव्हता, हे ध्यानात ठेवावे लागते.

छावणीची अखेर

फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत पूर्व पोलंडचा मोठा भाग सोव्हिएत संघाकडे राहील असे ठरले. छावणीतील बहुसंख्य रहिवासी त्याच प्रदेशातील होते. युद्ध संपले, तरी त्यांची गावे आता पोलंडमध्ये उरली नव्हती. त्यामुळे मायदेशी परतणाऱ्यांची संख्या मर्यादित राहिली. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाल्यावर तेथील मुले वळिवड्यास आणली गेली. ब्रिटनमध्ये १९४७ साली पोलिश पुनर्वसन कायदा संमत झाला व ब्रिटिश नेतृत्वाखाली लढलेल्या पोलिश सैनिकांच्या नातेवाइकांना तेथे जाण्याचा मार्ग मोकळा झाला. काही जण अन्य देशांत गेले, तर काहींना पूर्व आफ्रिकेतील वसाहतींत हलविण्यात आले. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली.

त्याच जागेवर फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांचे पुनर्वसन झाले. हीच वस्ती आज गांधीनगर या नावाने ओळखली जाते व कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. एकाच भूमीने पाच-सहा वर्षांच्या अंतराने दोन खंडांतील विस्थापितांना आश्रय दिला.

युरोपातील आजची वाटणी

वळिवड्याच्या काळात युरोपातील लोक आश्रय मागत होते. आज युरोपीय संघ आश्रय देणाऱ्यांच्या बाजूस आहे आणि जबाबदारी कशी वाटावी हा तेथील प्रमुख वादविषय आहे. १९९० च्या डब्लिन करारापासून चालत आलेल्या नियमांनुसार, कुटुंब व व्हिसा यांसारखे निकष लागू नसल्यास, आश्रयार्थी ज्या देशातून प्रथम प्रवेश करतो त्या देशावर अर्जाची जबाबदारी येते. त्यामुळे ग्रीस व इटली यांसारख्या सीमेवरील देशांवर ताण पडतो.

२०१५ मध्ये युरोपीय संघात सुमारे १२.५ लाख लोकांनी प्रथमच आश्रयासाठी अर्ज केले. एकूण संख्येत जर्मनी (सुमारे ४,४२,०००) आघाडीवर होता. दर दहा लाख लोकसंख्येमागे मात्र हंगेरी (सुमारे १७,७००) व स्वीडन (सुमारे १६,०००) पुढे होते. याच मापाने जर्मनीचे प्रमाण सुमारे ५,४०० आणि पोलंडचे सुमारे २७० होते. हे आकडे एका वर्षातील अर्जांचे आहेत, तर कोल्हापूरचा आकडा वास्तव्य करणाऱ्यांचा आहे. म्हणून त्यांची तुलना स्थूलमानानेच करता येते.

सप्टेंबर २०१५ मध्ये ग्रीस व इटली येथून १,६०,००० आश्रयार्थींना अन्य सदस्य देशांत हलविण्याचा निर्णय झाला. प्रत्येक देशाचा वाटा ठरविण्यासाठी लोकसंख्या ४० टक्के, सकल देशांतर्गत उत्पादन ४० टक्के, पूर्वी हाताळलेले अर्ज १० टक्के व बेरोजगारी १० टक्के असे भारमान सुचविले गेले होते. प्रत्यक्षात सुमारे ३५,००० लोकच हलविले गेले. पोलंड व हंगेरी यांनी एकाही व्यक्तीस स्वीकारले नाही, तर झेकियाने १२ जणांना घेतले. या तिन्ही देशांनी कायदेशीर कर्तव्याचा भंग केल्याचा निर्णय युरोपीय न्यायालयाने २ एप्रिल २०२० रोजी दिला. मात्र युक्रेन युद्धानंतर याच पोलंडने फार मोठा भार उचलला. २०२३ च्या अखेरीस तात्पुरते संरक्षण मिळालेल्या सुमारे ४३ लाख लोकांपैकी सुमारे ९.५ लाख पोलंडमध्ये होते.

मे २०२४ मध्ये संमत झालेल्या नव्या करारानुसार सदस्य देशांना आश्रयार्थी स्वीकारणे, प्रतिव्यक्ती २०,००० युरो देणे किंवा अन्य साहाय्य करणे यांपैकी पर्याय निवडता येतो. वाटा ठरविताना लोकसंख्या व सकल देशांतर्गत उत्पादन यांना समान महत्त्व आहे. एकाने जागा द्यावी व दुसऱ्याने खर्च उचलावा ही विभागणी वळिवड्यातही होती. नव्या करारात तिला निश्चित सूत्र व कायद्याचे बंधन लाभले आहे.

स्मृती

भारतात राहिलेल्या पोलिश निर्वासितांची संघटना ब्रिटनमध्ये स्थापन झाली. तिने आठवणी, छायाचित्रे व कागदपत्रे जतन केली आहेत. कोल्हापुरातील महावीर उद्यानात या वास्तव्याचे स्मारक आहे. पोलंडची राजधानी वॉर्सा येथेही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक असून जामसाहेबांच्या स्मरणार्थ स्वतंत्र स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वॉर्सा भेटीत या दोन्ही ठिकाणी आदरांजली वाहिली.