शस्त्र कायदा: राज्याचे अधिकार आणि बंदूक परवानाधारक

भात पोटरीला आले, की सत्तरी, सांगे, काणकोणपासून दोडामार्ग आणि खानापूरपर्यंतच्या गावांत रानडुकरांचा विषय निघतो आणि त्यापाठोपाठ बंदुकीच्या परवान्याचा. राज्य सरकारने शस्त्र कायदा शिथिल करावा, अशी मागणी होते. गोळीबाराची एखादी घटना घडली, की तोच कायदा राज्याने कडक करावा, असा आग्रह धरला जातो. दोन्ही मागण्यांचा पत्ता चुकलेला असतो. शस्त्रे, बंदुका, दारूगोळा आणि स्फोटके हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्रीय सूचीत पाचव्या क्रमांकावर आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्य आपापला बंदूक कायदा करते. गोवा, महाराष्ट्र वा कर्नाटकच्या विधानसभेला तो अधिकार नाही. राज्याच्या यंत्रणेकडे राहते ती अंमलबजावणी: पोलिसांचा अहवाल, जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा पोलीस आयुक्तांचा निर्णय आणि त्यावरील अपील. कोडगू जिल्ह्यातील कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना परवान्यातून मिळालेली सूटही कर्नाटकने नव्हे, केंद्रीय गृहमंत्रालयाने दिलेली असून 2019 च्या अधिसूचनेनुसार तिची मुदत 2029 पर्यंत आहे.

सध्याचा शस्त्र कायदा 1959 चा असून तो 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. त्याने 1878 च्या ब्रिटिश कायद्याची जागा घेतली. बंदूक बाळगणे हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही. तथापि परवाना म्हणजे अधिकाऱ्याची मर्जी, असेही कायदा म्हणत नाही. परवाना नाकारल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने तो नाकारता येत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने कलम 13 महत्त्वाचे आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली असेल आणि नकाराचे कायदेशीर कारण नसेल, तर परवाना द्यावा, असे हे कलम सांगते. ठासणीची बंदूक पुरेशी ठरणार नाही, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचाही परवाना देता येतो. अर्ज करताना या तरतुदीचा उल्लेख क्वचितच होतो.

परवानाधारकांना सर्वांत मोठा धक्का दिला तो 2019 च्या दुरुस्तीने. तोपर्यंत एका व्यक्तीला तीन बंदुका बाळगता येत. त्या वर्षी 29 नोव्हेंबरला लोकसभेत मांडलेल्या विधेयकात ही मर्यादा थेट एकवर आणण्याचा प्रस्ताव होता. त्यावर आक्षेप घेतले गेले आणि अंतिम कायद्यात दोन हा आकडा राहिला. 14 डिसेंबर 2019 पासून तो लागू झाला. ज्यांच्याकडे तीन बंदुका होत्या, त्यांनी कोणत्याही दोन ठेवून तिसरी एका वर्षाच्या आत पोलीस स्थानकात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, असे ठरले. वारशाने आलेली बंदूकही या मोजणीतून सुटली नाही. वडिलांची ठासणीची, काकांची दुनळी आणि स्वतःची एक, अशी ज्या घरात जमवाजमव होती, तिथे कोणती सोडायची, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात दिसतो तेवढा कोरडा नव्हता. जमा केलेल्या बंदुकीची भरपाई देण्याची तरतूद या दुरुस्तीत नाही.

याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली, ही सोयीची बाजू. विनापरवाना बंदुकीबद्दलची शिक्षा मात्र किमान दोन व कमाल पाच वर्षे कारावास अशी वाढली. लग्नात किंवा मिरवणुकीत आनंदाच्या भरात बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

परवाना असला, म्हणजे डुकरावर गोळी झाडता येते, हा समज सर्वाधिक घातक आहे. बंदूक बाळगण्याची परवानगी शस्त्र कायदा देतो. प्राणी मारण्याची परवानगी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वेगळी घ्यावी लागते. रानडुक्कर 2022 च्या दुरुस्तीनंतर त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका ठरलेल्या अशा प्राण्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशाने, कारणे नमूद करून देऊ शकतो. गवा पहिल्या अनुसूचीत येतो. त्याने कितीही बागायत तुडवली, तरी पिकाच्या नुकसानीसाठी त्याला मारण्याची परवानगी मिळत नाही. तो माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असला, तरच विचार होतो. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी आहे, हे त्याच्या पायाखाली कुळागर गेलेल्या बागायतदाराला सांगणे सोपे नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणासाठी सद्हेतूने केलेली कृती मात्र गुन्हा ठरत नाही.

निवडणूक जाहीर झाली, की बंदुका जमा करण्याचे आदेश निघतात. यासंबंधी मुंबई उच्च न्यायालयाने 2009 मध्ये दिलेला निवाडा परवानाधारकांनी लक्षात ठेवावा. त्यानंतर निवडणूक आयोगाने सूचना काढून जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती नेमण्यास सांगितले. सरसकट हुकुमाऐवजी जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले किंवा पूर्वी दंगलीत सहभागी झालेले परवानाधारक पाहून निर्णय घेणे त्यात अपेक्षित आहे. जमा केलेल्या शस्त्राची पावती घ्यावी. निकालानंतर आठवडाभराने ते परत मिळायला हवे.

वारसांची बाजू बहुतेक वेळा दुर्लक्षित राहते. परवानाधारकाचा मृत्यू झाला, की त्याचा परवाना मुलाच्या नावावर आपोआप होत नाही. माळ्यावर ठेवलेली बंदूक त्या क्षणापासून विनापरवाना ठरू शकते. ती विनाविलंब जवळच्या पोलीस स्थानकात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःचा अर्ज करावा, हा रीतसर मार्ग. 2016 च्या शस्त्र नियमांनी आणखी एक वाट ठेवली आहे. परवानाधारक 70 वर्षांचा झाला किंवा त्याने ती बंदूक 25 वर्षे बाळगली, तर हयातीतच ती कायदेशीर वारसाकडे देण्यासाठी अर्ज करता येतो. वारसाचे वय 21 पूर्ण हवे आणि त्याच्याकडे आधीच दोन बंदुका नसाव्यात. दुरुस्त करूनही जिचा बार उडणार नाही, अशी जुनी किंवा पुराणवस्तू ठरणारी बंदूक या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. पण ती खरोखरच तशी आहे, हे घरच्या घरी ठरवू नये. अधिकाऱ्याकडून तसे लेखी घेऊन मगच ती दिवाणखान्यात लावावी.