पेटी ते संगणक : शालेय संगीत-शिक्षणातील साधने आणि विद्यार्थ्यांची सर्जनशीलता

शालेय संगीत-शिक्षणाचा विचार करताना अभ्यासक्रमाची चर्चा पुष्कळ होते. वर्गातील साधनाची क्वचितच होते. प्रस्तुत लेखात हार्मोनियमच्या इतिहासाच्या आधारे या बाजूचा विचार केला आहे.

पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि गुरुगृहातील विद्या वर्गात आली. अनेक मुलांचा सूर एकत्र धरून ठेवण्यास पेटी सोयीची होती. मात्र तिच्या ठरावीक बारा स्वरांत मींड निघत नाही, श्रुतिभेद दाखविता येत नाहीत. सांगलीचे कृ. ब. देवल आणि ई. क्लेमेंट्स यांनी श्रुति-हार्मोनियमचा प्रयत्न केला. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेतही हा प्रश्न गाजला. पुढे आकाशवाणीने १९४० ते १९७१ या काळात पेटीला मज्जावच केला.

हा सारा वाद स्वरांच्या शुद्धतेचा होता. मुलाने पेटीवर स्वतःचे काही रचावे काय, हे कोणी विचारल्याचे दिसत नाही. विद्यार्थ्याने दिलेली सरगम बिनचूक वाजवावी, एवढीच अपेक्षा असे. (आमच्या शाळेत तर पेटी कपाटात असे, पाहुणे आले की स्वागतगीतापुरती बाहेर निघे.) वस्तुतः त्याच बारा पट्ट्यांवर गोविंदराव टेंबे यांनी गायकीअंगाचे वादन केले आणि १९११ च्या ‘संगीत मानापमान’ला चाली दिल्या. तेव्हा उणीव केवळ वाद्यात होती, असे म्हणता येणार नाही.

संगणकाने या प्रश्नाला नवे वळण दिले. २००० मध्ये ‘ऑडॅसिटी’ ही विनामूल्य आज्ञावली उपलब्ध झाली. तिच्या साहाय्याने विद्यार्थी आपला आवाज ध्वनिमुद्रित करतो, कापतो, एकावर एक थर चढवितो. पेटीतून शिक्षकाचा स्वर ऐकू येई; येथे मुलाला स्वतःचाच प्रयत्न पुन्हा ऐकता येतो, आणि चाल बदलून पाहावीशी वाटते. हा फरक प्रस्तुत लेखिकेस मूलभूत वाटतो.

तथापि संगणकीय कीबोर्डवरही बहुधा समान अंतराचे तेच बारा स्वर असतात, आणि तयार ताल-तुकडे जोडून ‘रचना’ झाल्याचा भास सहज होतो. त्यामुळे बडोद्यातील जुना वाद मिटलेला नाही. स्वर वाकविण्याची सोय या यंत्रात आहे. ती मुलांना दाखविण्याचे काम संगीत-शिक्षकाकडेच राहते, आणि बहुतेक शाळांत ते पदच रिक्त असते.